मिठाचा ठिपका

दहा ठिपके पडले तर त्यातले सात डुकरांचे असतात. आमच्याकडे नवीन कुणी नोकरीला लागलं की मी पहिल्याच दिवशी हे सांगते, कारण पडद्यावर पहिला लाल ठिपका दिसला की भल्याभल्यांचे हातपाय गार पडतात. अरे बाबांनो, डुक्कर असेल. पिकाभोवती तार बांधायची, रात्री तिच्यात करंट सोडायचा, सकाळी रानडुक्कर मरून पडलेलं सापडलं की वनखात्याच्या धाकानं तिथंच खड्डा करून गाडायचं आणि वरून नांगर फिरवायचा, हे आमच्या भागात कितीतरी जणांनी केलेलं आहे. माणूस मारून पुरणारा जेवढी काळजी घेतो तेवढीच डुक्कर पुरणाराही घेतो. यंत्र बिचारं दोघांत गोंधळतं.

यंत्राचं कागदावरचं नाव 'भूसाक्षी'. आम्ही मुंगूस म्हणतो, कारण ते नाक जमिनीला लावून चालतं. सौर प्रकल्प असो की महामार्ग, जमिनीला बुलडोझर लागायच्या आधी तिच्या पोटात कुणी माणूस आहे का ते बघायचं, असा कायदा होऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून मी हेच करते. लातूरच्या कार्यालयातून निघायचं, गट नंबर शोधायचा, शेतात मुंगूस सोडायचं.

शास्त्र फार अवघड नाही. मेलेलं शरीर मातीत गेलं की आधी वरचं गवत जळतं, कारण एवढं नत्र त्याला एकदम पचत नाही. वर्षा-दोन वर्षांनी उलटं होतं, तिथलं पीक जोर धरतं. हा फरक आपल्या डोळ्यांना चारेक वर्षांत दिसेनासा होतो, ड्रोनच्या कॅमेऱ्याला मात्र तीस-चाळीस वर्षं दिसतो. शिवाय नत्र दोन प्रकारचं असतं, हलकं आणि जड. जो जितकं मांस-मासळी खातो तितकं जड नत्र त्याच्या अंगात साठतं आणि मेल्यावर मातीत उतरतं, मातीतून पानात चढतं. बैल कडबा खातो, म्हणून पुरलेला बैल लगेच ओळखू येतो. डुक्कर माणसासारखंच मिळेल ते खातं, त्यामुळे पंचाईत होते. आणि जन्मभर ज्वारी, वरण आणि दूध यांवर जगलेला माणूस यंत्राला कधीकधी डुकरापेक्षाही कमी माणूस वाटतो. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांना असल्या खाण्याची कल्पना नसावी.

ड्रोननं जागा दाखवली की मुंगूस तिथं जाऊन जमिनीत बारीक वीज सोडतं. वर काळी माती, खाली मुरूम, असे थर असतात, आणि एकदा कुणी खड्डा खणला की ते थर पुन्हा होते तसे लागत नाहीत, ब्रह्मदेव आला तरी. वीज कुठून सहज गेली, कुठं अडली, यावरून खड्ड्याचा आकार कळतो. मग एक सुई खाली जाते आणि मातीतली हवा नि जिवाणू ओढून घेते. शेवटी पडद्यावर टक्के येतात आणि खाली दोन चौकटी, 'माणूस' आणि 'जनावर'. शेवटचा शब्द चालकाचा. सात दिवसांत एक चौकट दाबायची. 'जनावर' दाबलं की ठिपका कायमचा पुसला जातो. 'माणूस' दाबलं की पोलीस, तहसीलदार, खोदकाम. या गोष्टीच्या आधीच्या सहा वर्षांत मी चौतीस वेळा 'माणूस' दाबलं होतं आणि एकदाही चुकले नव्हते.

लोक विचारतात, भीती नाही वाटत का हो बाई? नाही वाटत. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं, मग ते कधी थांबलं तेही कळलं नाही.

दापकेवाडी हे माझं माहेर. कर्नाटकाच्या हद्दीला खेटून आहे. गावाच्या खालच्या अंगाची सगळी जमीन सौर प्रकल्पात गेली, त्यात आमचा मळाही गेला. नातलगांच्या जमिनीवर काम करायचं नाही असा आमचा नियम आहे. पण यादीत माझं आडनाव सासरचं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. तीन दिवस अव्वाच्या हातची भाकरी खायला मिळेल एवढाच माझा लोभ होता. आईला आम्ही अव्वा म्हणतो.

घरात तेव्हा तीन माणसं. आप्पा म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे. अव्वा. आणि महानंदा वहिनी, माझ्या भावाची बायको. भाऊ नाही. मन्मथ त्याच्या बावीस वर्षं आधी घर सोडून गेला होता. त्याला पुण्यात कंपनीत काम धरायचं होतं, आप्पांना तो शेतात हवा होता. एका दुपारी दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि तो पिशवी घेऊन निघाला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, मी एकोणीसची, कॉलेजला लातुरात. वहिनी बावीसची, लग्नाला सहा महिने झालेले. त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद. आप्पा म्हणाले पोलिसात सांगून आलो. आम्ही मान डोलावली.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी आप्पांना कुणीतरी भेटायचं, ज्यानं मन्मथला पाहिलेलं असायचं. कधी हैदराबादला, कधी बिदरच्या बसस्टँडवर. आठव्या वर्षी वहिनीच्या भावानं तिच्यासाठी स्थळ आणलं, बायको वारलेला शिक्षक, चांगला माणूस. कोर्टात अर्ज करून मन्मथला मयत ठरवून घेऊ, सात वर्षं उलटली की कायद्यानं तसं करता येतं, असं तो म्हणाला. दोनच दिवसांनी आप्पांना एक ट्रकवाला भेटला, त्यानं मन्मथला सुरतला पाहिलं होतं. कापडाच्या दुकानात, जरा वाळलेला. आप्पा वहिनीला म्हणाले, "कागद करशील अन् उद्या तो दारात उभा राहिला तर काय तोंड दाखवशील?" तिचा भाऊ हात हलवत परत गेला. मीसुद्धा तेव्हा तिला म्हणाले होते, वहिनी, येईल गं तो. असं मी बऱ्याचदा म्हणाले.

वहिनी गावातलं दूध संकलन केंद्र चालवायची. पहाटे दूध घ्यायची, फॅट मोजायची, कॅन धुवायची, घरी येऊन दोघा म्हाताऱ्यांना जेवायला घालायची. चव्वेचाळीस वर्षांची होती. गळ्यात मंगळसूत्र होतं.

ठिपका दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पडला. खालच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपासून पंधरा पावलांवर. हरभरा उभा होता. माझ्याबरोबर मोईनभाई पटेल होते, मुंगूस तेच चालवतात, पन्नाशीचे आहेत आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत.

"बावन्न टक्के," ते म्हणाले.

"डुक्कर," मी म्हणाले. बावन्नला आम्ही डोळे झाकून डुक्कर म्हणतो.

मोईनभाईंनी मुंगूस पुन्हा त्या जागेवरून नेलं. पडद्यावर खड्डा उमटला. तीन हात लांब, तीन हात रुंद, चांगला छातीएवढा खोल, आणि तळाला एका बाजूला कोनाडा. डुकरासाठी कुणी चौकोनी खड्डा खणत नाही, कोनाडा तर नाहीच. आणि वीज त्या खड्ड्यातून अशी धावत होती की आकडे पट्टीबाहेर गेले. असं फक्त एका गोष्टीनं होतं. मिठानं. काळ्या मातीत मीठ बसलं की सहजासहजी हलत नाही.

मोईनभाईंनी पडद्यावरच्या कोनाड्यावर बोट ठेवलं. "आमच्यात आडवं ठेवतात, ताई," ते म्हणाले. "हे बसलेलं आहे. डुक्कर बसून मरत नाही."

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. खड्डा करतात, तळाला कोनाडा करतात, त्यात माणसाला मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीसकट काढून डाव्या तळहातावर ठेवतात, आणि वरून विभूती, बेल नि मीठ भरतात. गावाला आमची रुद्रभूमी आहे, काही घरं स्वतःच्या शेतात बसवतात, पण वर दगड असतो, दरवर्षी त्याला पाणी घालतात. आमच्या मळ्यात असा दगड नाही. आमच्या घरातलं कुणी तिथं बसवलेलं नाही. दुसऱ्या कुणी मारून टाकलं असतं तर त्याला बसवलं नसतं, त्याच्यासाठी पोतंभर मीठ आणलं नसतं. हे ज्यानं केलं त्याला तो माणूस आपला होता.

मुंगसानं अजून एक दाखवलं. छातीच्या उंचीवर सुपारीएवढा धातू. चांदी.

"मी चहा पिऊन येतो," मोईनभाई म्हणाले आणि गाडीकडे गेले. त्यांना चहा आवडत नाही.

मी बांधावर बसले. रडू येईल म्हणून थोडं थांबले. आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं झालं होतं. परक्यांची चौतीस माणसं मी शोधून दिली, आणि सुट्टीला आले की याच हरभऱ्यात बसून घाटे सोलत होते. एवढंच डोक्यात येत होतं, पुन्हा पुन्हा.

आप्पा मोटारीच्या खोलीमागं पाइप गुंडाळत होते.

"आप्पा, हितं कुणाला बसवलंय?"

त्यांनी हात थांबवला नाही. "तुझ्या मशीननं सांगितलं वाटतं."

"सांगितलं."

"मला ठावं होतं. सोलरवाले आल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई. साऱ्या गावानं जमीन दिली, मधलाच गट मी कसा अडवू? लोकं कारण विचारले असते."

"मन्मथ आहे?"

"हां."

पाइप गुंडाळून झाला. तो त्यांनी भिंतीला टेकवला, आणि मग बसले. मी विचारत गेले, ते सांगत गेले, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. ज्वारी हुरड्यात होती. डुकरं रोज येत होती. आप्पांनी तार बांधली होती, घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मन्मथला ते पटत नव्हतं. त्या दुपारी भांडण झालं, तो गेला.

"परत येणार न्हाई म्हणून गेला," आप्पा म्हणाले.

"मग?"

"परत आला. बस चुकली का मनच झालं न्हाई, देवाला माहीत. घरी यायला लाज वाटली असंल, म्हणून मोटारीच्या खोलीत झोपायला आला. सकाळी मी तार काढायला आलो. लांबनं बघितलो, वाटलं डुक्कर हाय. बटन बंद केलो अन् जवळ गेलो."

"आणि कुणाला सांगितलं नाही."

"काय सांगू? पोराला मारलो म्हणून सांगू?"

"एकट्यानं बसवलंत?"

"दुपारपस्तोर खांदलो. एक-दोघं विचारले, मोटारीला खड्डा घेतोय म्हणालो. त्याचं लिंग त्याच्या हातात दिलो. बेल आणलो. जंगम कुठनं आणू? पाय मीच ठेवलो."

हे सांगायला हवं. आमच्यात बसवलेल्याच्या डोक्यावर जंगम, म्हणजे आमचे गुरू, पाऊल ठेवतात, आणि मग तो सुटला असं मानतात. तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बापानं पोराच्या डोक्यावर पाय ठेवला. मग माती लोटली. दगड ठेवता येत नव्हता, म्हणून पुढच्या मोसमापासून तिथं नांगर घातला. बावीस वर्षं दरवर्षी घातला.

"महानंदाला काही बोलू नको," आप्पा म्हणाले. "डुक्कर म्हणून लिही. तुझ्याच हातात हाय ना ते?"

माझ्याच हातात होतं. सात दिवस. 'जनावर' दाबलं तर वर सोलरच्या काचा बसतील आणि पंचवीस वर्षं तिथं कुणी कुदळ मारणार नाही. 'माणूस' दाबलं तर बापाच्या हातात बेडी, आणि वहिनीला कळणार की ती बावीस वर्षं कुणाची वाट बघत होती.

दुपारी घरी गेले तर अव्वा भाकऱ्या थापत होती. माझ्या तोंडाकडे तिनं एकदा बघितलं.

"खालच्या मळ्यात सापडलं का?" तिनं विचारलं.

मी पाटावर बसले होते, बसूनच राहिले. "तुला कधीपासून माहीत?"

"त्या दिवशीपासनं. जनावरांना चारायला मिठाचं पोतं आणलं होतं, ते दिसंना. ह्यांना विचारले, तर म्हणाले सांडलं. एवढं पोतं कसं सांडंल? अन् नखात माती होती, विभूती होती. मग पुन्हा विचारले न्हाई."

"आणि वहिनी?"

"तिला सांगितलं असतं तर ती माहेरी गेली असती. ह्यांना पोलीस नेले असते. मग घरात राहिलं कोण असतं, लीला?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "गरम हाय, खाऊन घे."

मला राग आला. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी आलं होतं आणि तो राग होता. ताट सरकवून द्यावं, दोघांना दोन शब्द सुनवावेत, असं वाटलं. पण मी ती भाकरी खाल्ली. भूक लागली होती, आणि भाकरी चांगली झाली होती. याची लाज वाटते, म्हणून सांगते.

पाच दिवस मी काही दाबलं नाही. लातूरला परत गेले, इतर गट केले, एका ठिकाणी खरोखरचं डुक्कर निघालं. कार्यालयातून फोन आला, बाई, एक नोंद बाकी दिसतेय. बघते म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळी दापकेवाडीला गेले ती थेट दूध केंद्रावर. गर्दी संपली होती, वहिनी कॅन धूत होती.

मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तार, बस, खड्डा, मीठ. आप्पांचं सांगितलं, अव्वाचंही सांगितलं. मला हळुवार बोलता येत नाही, आणि इथं हळुवार बोलण्यासारखं काही नव्हतंही. नळ चालू होता.

"म्हणजे सुरतला?" वहिनीनं विचारलं.

"सुरतला कुणी नव्हतं."

"हैदराबादला?"

"नाही."

"बिदरला एकानं बोललोय म्हणून सांगितलं होतं."

"नाही, वहिनी."

अजून दोन गावांची नावं तिनं घेतली, मला ती माहीतही नव्हती. प्रत्येकाला मी नाही म्हणाले. मग तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि दुधाच्या वजनकाट्याशेजारी स्टुलावर बसली.

"उद्या शेवटचा दिवस आहे," मी म्हणाले. मुंगसाचा हातातला पडदा पिशवीतून काढला आणि तिच्यापुढं धरला. "तू सांगशील ते दाबते. जनावर म्हण, नाहीतर माणूस म्हण. आप्पांचं काय व्हायचं ते तुझ्या शब्दावर."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी बावीस वर्षं बघत आले होते आणि त्या दिवशी मला तो ओळखता आला नाही.

"मला कशाला विचारतेस?" ती म्हणाली. "इतकी वर्षं विचारलं का कुणी? तू शिकलीस, तुझी नोकरी, तुझं मशीन. बाप तुझा, भाऊ तुझा. तूच दाब. हेही ओझं माझ्याच डोक्यावर ठेवून तू मोकळी होणार होय?"

खरं होतं. मी ते तिच्या डोक्यावर ठेवायलाच आले होते. साठ किलोमीटर गाडी चालवत आले होते.

मी 'माणूस' दाबलं. यंत्रानं खात्री आहे का म्हणून विचारलं, मी पुन्हा दाबलं. काही वाटलं नाही. वहिनीनं उरलेले तीन कॅन धुतले, मी तिला ते पालथे घालायला मदत केली.

चौथ्या दिवशी खोदलं. लातूरहून हाडांच्या डॉक्टर आल्या होत्या, हातात ब्रश घेऊन दिवसभर खड्ड्यात बसल्या. गाव बांधावर उभं होतं. आप्पांना पोलिसांनी जीपमध्ये बसवलं होतं, तिथून त्यांना खड्डा दिसत नव्हता. अव्वा आली नाही. तो बसलेलाच होता. डोकं पुढं झुकलं होतं, मांडी तशीच होती, डाव्या हाताच्या हाडांत चांदीची काळवंडलेली डबी. वहिनी खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. कुणी तिला मागं हो म्हणालं नाही.

डॉक्टर बोलत होत्या आणि त्यांची मदतनीस लिहून घेत होती. पुरुष. उंची पाच फूट आठ. वय पंचवीस ते अठ्ठावीस.

"लीला," वहिनी मला म्हणाली, "मी आता ह्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी आहे."

मी हो म्हणाले.

अव्वाच्या रक्ताशी हाडं जुळली. आप्पांवर गुन्हा लागला, सदोष मनुष्यवध आणि पुरावा नाहीसा करणं. वय बघून जामीन मिळाला. तारखा पडतात, आप्पा जातात, येतात. नियम मोडून स्वतःच्या घरच्या जमिनीवर काम केलं म्हणून मलाही नोटीस आली, तीन महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. मुंगूस चालवणारी माणसं कमी आहेत.

हाडं ताब्यात द्यायची वेळ आली ती सात महिन्यांनी. ताबा वारसाला मिळतो. आई-वडील आरोपी आणि साक्षीदार, मी चालक, म्हणून ताबा पत्नीला. वहिनी तिच्या भावाची जीप घेऊन लातूरला आली. एक लाकडी पेटी, त्यात कापडात बांधलेला मन्मथ. तिनं सही केली, ओळखपत्र दाखवलं. गळ्यात काही नव्हतं. दूध केंद्राच्या किल्ल्या तिनं सरपंचांकडे दिल्या होत्या आणि कपड्यांची बॅग जीपमध्ये होती, हे मला तिथं दिसलं.

आप्पा आले होते. काठी टेकत जीपपर्यंत गेले. त्यांना मी आयुष्यात कुणाची परवानगी मागताना बघितलं नव्हतं.

"महानंदा," ते म्हणाले, "कुठं बसवणार हाय त्याला? तेवढं सांग. दगड तरी ठेवतो. एकदा पाणी घालतो."

वहिनीनं पेटी मागच्या सीटवर ठेवली, ती हलू नये म्हणून तिच्याभोवती चादर खोचली. मग पुढं जाऊन बसली.

"कळवते, मामा," ती म्हणाली.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. तिनं कळवलेलं नाही. तिच्या माहेरी फोन केला तर तिचा भाऊ म्हणतो, इथं आणलं नाही. ती स्वतः आता निलंग्याकडे कुठल्याशा डेअरीत काम करते, त्याहून जास्त तो सांगत नाही. रुद्रभूमीत नोंद नाही, ते मी बघून घेतलं. म्हणजे कुठल्या तरी शेतात, कुणाच्या तरी परवानगीनं, तिनं त्याला पुन्हा बसवलंय, आणि वर दगड ठेवलेला नाही.

अव्वा काही विचारत नाही. आप्पा विचारतात. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन येतो. आधी पाऊस, मग गुडघे, मग ते एक.

"निलंग्याकडं काम निघालंय म्हणत होतीस. मशीन घेऊन गेलतीस का?"

"गेले होते."

"नवीनच बसवलेलं हाय, मीठ असंलच. दिसायला पाहिजे."

"दिसायला पाहिजे," मी म्हणते.

"मग? दिसलं का?"

निलंग्याचं काम मी मागच्याच महिन्यात दुसऱ्याच्या नावावर करून घेतलं. मी त्या तालुक्यात पाऊल ठेवलेलं नाही. ठेवणारही नाही. मोईनभाईंना मी कारण सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"नाही दिसलं, आप्पा."

"नीट बघितलीस का?"

"सगळं बघितलं. बांधसुद्धा सोडला नाही."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येतो. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

"बरं," ते म्हणतात. "पुढच्या खेपेला सापडंल."

"हो आप्पा," मी म्हणते, "सापडेल." आणि फोन ठेवून कुकर लावायला उठते.